माणसे, जमीन आणि पाणी : मांजरा खोऱ्याचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या रेल्वे स्थानकावर पाण्याची गाडी येऊन उभी राहिली. मिरजेहून निघालेल्या या पहिल्या गाडीला दहा टाक्या जोडलेल्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णाकाठचे पाणी रुळांवरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मांजरा खोऱ्यातील एका शहराच्या घशाला पोचले. पुढे पन्नास टाक्यांची ‘जलदूत’ गाडी सुरू झाली व ती एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. देशभरातून छायाचित्रकार आले, वृत्तपत्रांनी रकाने भरले. त्याच सुमारास शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून कलम १४४ लागू करावे लागले होते.

आकडे वाचताना पंचवीस लाख ही संख्या मोठी वाटते. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार होती. पहिल्या गाडीचे पाणी माणशी वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सव्वा लिटर, म्हणजे तांब्याभर पाणी आले असते. आणि पन्नास टाक्यांच्या गाडीचे वाटले असते तर सुमारे साडेसहा लिटर. धुणीभांडी सोडाच, स्वयंपाक आणि पिणे उरकल्यावर त्यातून अंघोळीला काही उरले नसते.

लोकसंख्यावाढीचा पर्यावरणावर होणारा परिणाम हा विषय निघाला की लातूरचे उदाहरण हटकून दिले जाते. माणसे वाढली म्हणून पाणी संपले, असा सरळ निष्कर्ष काढून विषय मिटवला जातो. शाळेच्या निबंधात तो शोभेल. परंतु ज्यांना ग्रामसभेत बसून पाण्याचे वाटप ठरवावयाचे आहे, ज्यांना तालुक्याचा टंचाई आराखडा करावयाचा आहे, त्यांना तो पुरेसा नाही. माणसांची संख्या आणि निसर्गाची झीज यांचा संबंध खरा आहे, मात्र तो वाटतो तितका सरळ नाही. तो वळणावळणाने जातो आणि त्यातील मुख्य वळण शेताच्या बांधावर आहे.

मरण मागे हटले

प्रथम वाढ कशी झाली ते पाहणे इष्ट ठरेल. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९११ साली २ कोटी १५ लाख लोक राहत होते. दहा वर्षांनी, १९२१ साली, ही संख्या वाढण्याऐवजी घटून २ कोटी ८ लाखांवर आली. मधल्या काळात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. त्यापूर्वी प्लेग आणि दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. जन्म त्या काळीही पुष्कळ होत. परंतु पाळणा हलतो न हलतो तोच तिरडी बांधावी लागे. लोकसंख्या स्थिर होती ती माणसे शहाणी होती म्हणून नव्हे, तर माणसे मरत होती म्हणून.

१९२१ नंतर हे चित्र पालटले. साथींना आवर बसू लागला. स्वातंत्र्यानंतर हिवतापाविरुद्धची मोहीम, देवीची लस, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दुष्काळातही धान्य पोचविण्याची व्यवस्था यांमुळे मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जन्माचे प्रमाण मात्र तितक्या लवकर उतरले नाही. पाच मुले झाली तर दोन जगतील, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव एका दशकात विसरला जात नाही. परिणामी १९५१ साली ३ कोटी २० लाख असलेली राज्याची लोकसंख्या १९७१ मध्ये ५ कोटी ४ लाख, १९९१ मध्ये ७ कोटी ८९ लाख व २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख झाली. साठ वर्षांत साडेतीन पट. राज्याचे क्षेत्रफळ मात्र ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर एवढेच राहिले. १९६१ साली एका चौरस किलोमीटरमध्ये १२९ माणसे राहत होती, २०११ साली ३६५.

ही वाढ म्हणजे लोकांचा अपराध असे मानण्याची एक सवय आपल्याकडील शिक्षित वर्गात रुजलेली आहे. ती सोडून द्यावयास हवी. वाढीच्या मुळाशी जगलेली बालके आहेत. त्याबद्दल कोणी खेद मानण्याचे कारण नाही.

थॉमस माल्थस याने १७९८ साली अशी भीती व्यक्त केली होती की माणसांची संख्या अन्नाच्या पुढे धावेल व उपासमारीनेच तिला लगाम बसेल. धान्यापुरते बोलावयाचे तर भारतात ही भीती खरी ठरली नाही. १९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी ८ लाख टन होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३३ कोटी टनांवर गेले. लोकसंख्या चौपट होण्यापूर्वीच धान्य सहापटीहून अधिक वाढले. १९७२ च्या दुष्काळात ज्या पिढीने परदेशातून आलेला मिलो खाल्ला आणि दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली, तिला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हे धान्य आकाशातून पडलेले नाही. संकरित व सुधारित वाण, खते आणि पाणी यांच्या जोरावर ते आले. माल्थसने धान्याचा हिशेब मांडला होता. विहिरीतील पाण्याच्या पातळीचा मांडला नव्हता.

वाटणी

आता मांजरा खोऱ्याकडे वळू. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते व पुढे धाराशिव, लातूर जिल्ह्यांच्या सीमांवरून कर्नाटक-तेलंगणात जाऊन गोदावरीस मिळते. केज तालुक्यात धनेगाव येथे तिच्यावर धरण आहे. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून मृतसाठा वजा जाता उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी राहतो. लातूर शहर या धरणावर अवलंबून आहे.

येथे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडावे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. लातूरच्या ३ लाख ८३ हजार लोकांना हे प्रमाण पूर्ण मिळाले असे समजले (प्रत्यक्षात ते कधीच मिळत नव्हते), तर दररोज सुमारे ५ कोटी १७ लाख लिटर व वर्षाला सुमारे १९ दलघमी पाणी लागेल. म्हणजे धरण एकदा भरले तर त्याचा उपयुक्त साठा शहराच्या नऊ वर्षांच्या गरजेइतका आहे. बाष्पीभवन मोठे, हे खरे. मराठवाड्यातील उथळ धरणांतून उन्हाळ्यात पाणी डोळ्यांदेखत उडून जाते. अंबाजोगाई, केज, कळंब येथील लोकांची तहानही याच पाण्यावर भागते. गाळही साठलेला आहे. हे सर्व वजा करूनही असे म्हणावे लागते की लातूरकरांनी पिऊन धरण रिकामे केलेले नाही.

मग पाणी गेले कोठे? २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, हे एक कारण. दुसरे कारण शेतात उभे होते. पाटाने पाणी देऊन घेतलेल्या एक हेक्टर उसाला हंगामात ढोबळमानाने दोन कोटी लिटर पाणी लागते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण आहे. त्या प्रमाणाने एका माणसाला वर्षाला सुमारे २० हजार लिटर पाणी पुरते. म्हणजे एका हेक्टर उसाचे पाणी हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पुरेल. ठिबक सिंचनाने ही गरज बरीच कमी होते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ठिबकने वाचलेल्या पाण्यावर उसाचेच क्षेत्र वाढविले तर खोऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

येथपर्यंतचा हिशेब वाचून कोणी असे म्हणेल की दोष पिकाचा आहे, लोकसंख्येचा नाही. तेही अर्धेच खरे ठरेल. कमी पावसाच्या मुलखातील शेतकरी उसाकडे का वळला, याचे उत्तर शोधू लागले की पुन्हा माणसांच्या संख्येशीच येऊन थांबावे लागते.

कृषी गणनेचे आकडे या दृष्टीने फार बोलके आहेत. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सुमारे ५० लाख वहितीदार होते व एका वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ साली वहितीदारांची संख्या सुमारे दीड कोटी झाली व सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरवर आले. दर पाच वहितीदारांपैकी चार आता अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत. यातील काही वाटण्या केवळ कागदावरच्या आहेत, हे महसूल खात्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याच्या भीतीने कित्येक घरांत सातबारा फुटला आणि चूल मात्र एकच राहिली. तरीही मोठा भाग खऱ्या वाटणीचाच आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा पुस्तकात होता. बांधावर भावाभावांचे मोजमाप चालू होते.

चार हेक्टरांच्या धन्याला निवड करण्याची सोय होती. एक पट्टा ज्वारीला, एक तुरीला, थोडे रान पडीक, बांधावर बाभळी आणि बोरी, कोपऱ्यात गुरांसाठी गवत, असे शेत पावसाने दगा दिला तरी माणसाला आणि जनावराला तगवून ठेवी. तीच जमीन तीन भावांत व नंतर त्यांच्या मुलांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच एकर येते. दोन-अडीच एकरांत ज्वारी पेरून मुलांच्या शाळेची फी, आजारपण आणि लग्न निभत नाही. पडीक ठेवणे परवडत नाही, बांधावरचे झाड सावली धरते म्हणून तेही तोडावे लागते. गवत गेले की जनावर जाते, जनावर गेले की शेणखत जाते. मग एकरी जास्तीत जास्त पैसा देणारे व बाजारात हमखास खपणारे पीक हवे असते. ऊस कारखान्याला जातो, त्याचा भाव आधी ठरतो, गारपिटीने तो पुरता आडवा होत नाही. शेतकऱ्याचा हा निर्णय त्याच्या घरापुरता चुकीचा नाही. तो खोऱ्याला बुडवितो, एवढेच.

जमिनीबरोबर पाण्याचीही वाटणी होते आणि ती अधिक घातक ठरते. पूर्वी एका विहिरीवर चार भावांच्या पाणीपाळ्या असत. पाळी कोणाची, किती दिवसांची, हे ठरलेले असे. त्यावरून कज्जे होत, पण विहिरीचा तळ सर्वांना दिसत असे. विहीर आटली की सर्वांची मोट थांबे. आता प्रत्येक वाट्याला स्वतंत्र विंधण विहीर लागते. महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे ८२ टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकाचा वरचा झिजलेला, मुरमाड थर पाणी धरतो. त्याखाली खोल गेले तर अखंड खडकात भेगा सापडतील तेवढेच पाणी. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही म्हणून चारशे, चारशेला नाही म्हणून सहाशे, अशी खोली वाढत जाते. खोल भेगेतले पाणी कित्येक वर्षांच्या मुरण्यातून साठलेले असते. ते एका हंगामात उपसता येते, एका पावसाळ्यात भरता येत नाही. शिवाय एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी पडते. मग शेजारीही बोअरची गाडी बोलावतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ पासून अमलात आला असून त्यात शेती व उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा अधिक खोल विहीर घेण्यास मनाई आहे. या तरतुदीची माहिती किती ग्रामपंचायतींच्या फलकावर लावलेली आहे, हे पदाधिकाऱ्यांनी स्वतःच पाहावे.

कोयता

जमीन अपुरी आणि पाणी आटलेले अशा घरांचे पुढे काय होते, याचे उत्तर याच मुलखात मिळते. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून व शेजारच्या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नव्हे, तर नवराबायकोच्या जोडीला. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. जोडी नसेल तर उचल अर्धी. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, आणि मुलीला मागे एकटी ठेवण्याची धास्ती असतेच. परिणाम आकड्यांत उतरला आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के.

ज्या उसाने खोऱ्यातील पाणी ओढले, त्याच पिकाच्या तोडणीवर खोऱ्यातील कोरडवाहू घरे जगतात. त्या तोडणीसाठी लवकर लग्न होते, लवकर लग्न झाले की लवकर मूल होते, आणि ते मूल मोठे झाल्यावर दोन एकरांत वाटेकरी होते. लोकसंख्या आणि पर्यावरण यांचा संबंध पुस्तकात दोन स्वतंत्र प्रकरणांत शिकविला जातो. येथे ती एकाच घराची गोष्ट आहे.

शहराचे चित्र निराळे, परंतु मूळ तेच. मुंबईने १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी घेतले. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर, त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, अशी ही तहान दर पिढीत शहरापासून अधिक दूर व जंगलात अधिक खोल गेली. यांतील बरेच पाणी ज्या शहापूर तालुक्यातून जाते, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईत माणसे वाढली याची किंमत ज्यांनी मोजली ते मुंबईत राहत नाहीत.

नियम आणि त्याची सावली

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार सरकारी योजनेच्या पुष्कळ आधीचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्याबद्दल त्यांना नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा गमवावी लागली. देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश होय.

पुढे एक टप्पा असा आला की आकडे गाठण्याच्या घाईत माणूस मागे पडला. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयकही संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सक्तीचा परिणाम उलटा झाला. गावोगावी सरकारी जीप दिसली की पुरुष रानात पळत, आणि पुढे कित्येक वर्षे पुरुष नसबंदी हा शब्द उच्चारणेही आरोग्य सेवकांना अवघड झाले. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावे लागले. शस्त्रक्रियेचे ओझे मात्र तेव्हापासून जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर जाऊन पडले व ते अद्याप उतरलेले नाही.

पंचायत राज्याशी निगडित असलेला नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास पंचायतीचे सदस्यत्व मिळत नाही किंवा असलेले जाते. २००५ मध्ये शासकीय सेवेसाठीही लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. लोकप्रतिनिधींनी स्वतःच्या घरापासून आरंभ करावा, हा हेतू वाजवी होता. परंतु नियमाची सावली कोठे पडली हेही पाहिले पाहिजे. दोनच अपत्ये हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, अशा घरात दुसऱ्या खेपेला मुलीचा जन्म धोक्यात येतो. राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ साली ती ८०७ होती. या घसरणीचे मुख्य कारण सोनोग्राफीचा गैरवापर हेच होय आणि गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात प्रथम कायदा करणाऱ्या राज्यात हे घडले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. एकट्या पंचायत नियमावर तिचा दोष टाकणे अन्यायाचे होईल. तथापि तिसऱ्या अपत्याचा निर्णय बहुधा घरातील पुरुष व वडीलधारी मंडळी घेतात आणि राखीव जागेवर निवडून आलेली सून अपात्र ठरते, हे अनेक गावांनी पाहिलेले आहे.

जन्मदर खरोखर उतरला तो अन्य मार्गाने. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीला सरासरी २.९ अपत्ये होत होती; २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण १.७ वर आले. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ पुरेसे असते. मुली शाळेत अधिक वर्षे टिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, दवाखाना जवळ आला, त्याचे हे फळ आहे. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्दप्रयोग जुन्या पाठ्यपुस्तकांतून आजही भाषणांत येतो. महाराष्ट्रापुरता तो आता शिळा झाला आहे.

मग चिंता संपली काय? तसे नाही. आधीच्या दशकांत जन्मलेली मोठी पिढी आज संसार थाटण्याच्या वयात आहे, त्यामुळे कुटुंबे लहान असली तरी त्यांची संख्या वाढत राहते. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली; कुटुंबांची संख्या मात्र सुमारे १ कोटी ९१ लाखांवरून २ कोटी ३८ लाखांवर, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढली. माणसापेक्षा घर अधिक वेगाने वाढते आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र भिंती, स्वतंत्र नळ, स्वतंत्र वाहन लागते. भिंतीसाठी नदीतील वाळू जाते आणि वाळू गेली की नदीकाठच्या विहिरींचे पाणी जाते. लहान कुटुंब म्हणजे आपोआप निसर्गावरील लहान भार, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

दोन गावे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी या गावात १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने जे काम उभे राहिले, त्यातून एक पंचसूत्री पुढे आली : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. राज्याच्या आदर्श गाव योजनेने तीच स्वीकारली. या पाच शब्दांचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. कुटुंबनियोजन हा आरोग्य खात्याचा विषय, चराई हा वनखात्याचा, पाणलोट हा कृषी खात्याचा, अशी कचेरीतील फाळणी येथे नाही. घरात किती माणसे, डोंगरावर किती शेळ्या आणि विहिरीत किती पाणी, हा गावाच्या दृष्टीने एकच हिशेब आहे.

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. अवर्षणप्रवण प्रदेशातील या गावातून त्यापूर्वी माणसे पोटासाठी बाहेर पडत होती. डोंगरावर समतल चर, नाल्यांवर बंधारे, चराईस बंदी ही कामे इतरत्रही झालेली आहेत. या गावाने त्यापुढचे पाऊल टाकले. पडलेला पाऊस मोजावयाचा, त्यातून किती पाणी मुरले याचा अंदाज घ्यावयाचा, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची व उन्हाळी पिके कोणती घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे. ऊस व केळी यांस मनाई. शेतीसाठी विंधण विहीर घेण्यास मनाई. पाऊस कमी झाला त्या वर्षी पीक बदलावयाचे, टँकर मागावयाचा नाही.

या प्रयोगातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की पाणी टिकू लागल्यावर बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. म्हणजे गावात राहणारी माणसे वाढली आणि पाणीही वाढले. डोकी मोजून जमिनीचे भवितव्य सांगणाऱ्या कोणत्याही कोष्टकात हे गाव बसत नाही. अर्थात, हिवरे बाजार हे लहान गाव आहे व तेथे नेतृत्व दीर्घकाळ एकहाती राहिले, हेही ध्यानात ठेवावे. साखर कारखान्याच्या लाभक्षेत्रातील पाच-सात हजार वस्तीच्या गावात ग्रामसभेने उसास मनाई करून दाखविणे ही फार वेगळी गोष्ट होईल. तेथे पहिला वाद पावसाच्या मोजणीवर होईल, दुसरा कोणाच्या बोअरचे पाणी किती यावर. तो वाद व्हावयास हवा. आजमितीस तो होत नाही, कारण बहुसंख्य गावांत पाण्याचा आकडाच कोणाकडे नसतो.

लातूरचे पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले. रेल्वेची गाडी बंद झाली. पुढील वर्षांत मराठवाड्यातील उसाचे क्षेत्र पुन्हा वाढले.

माणसांचा आकडा तरी आपल्याकडे असतो, असे म्हणावे तर तोही आता जुना झाला आहे. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे होऊ शकली नाही. त्यामुळे वर दिलेले जनगणनेचे आकडे २०११ वर थांबतात आणि त्यापुढे सर्व नियोजन अंदाजावर चालले. आगामी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झालेला आहे. मागील जनगणनेत घरयादी करताना प्रगणकांनी, म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेच्या गुरुजींनी आणि बाईंनी, प्रत्येक दारात पिण्याच्या पाण्याविषयीही विचारले होते : पाणी कोठून आणता, आणि ते घराच्या आवारात आहे, जवळ आहे की दूर? अर्जावर या उत्तरासाठी केवळ एक लहान चौकट होती. ती भरून घेताना घागर उचलणारीलाच प्रश्न विचारलेला बरा. ओसरीवर बसलेल्या माणसाला पाणी नेहमी जवळच वाटते.